मोरया गोसावी यांचा वंश आणि काळ



वसंत व्याख्यानमालेत बोलायला येणाऱ्या माणसाने एखादा मोठा विषय घ्यावा, देशाचे किंवा जगाचे काही सांगावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज एका घराण्याची वंशावळ घेऊन आलो आहे. घराणे तुमच्या ओळखीचे आहे. बारामतीला लागून वाहणारी कऱ्हा येताना मोरगावावरून येते, आणि त्या मोरगावच्या मयूरेश्वराशी चिंचवडच्या देव घराण्याचे नाते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला येते, ती पाहिलेली माणसे या मांडवात बसलेली असतील. गणपतीच्या नावाने आपण जो 'मोरया' म्हणून गजर करतो, त्यात या घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव आहे असे परंपरा मानते. त्या मूळ पुरुषाचा, म्हणजे मोरया गोसाव्यांचा, वंश कोणता आणि काळ कोणता, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान दिसतो. पण वंशावळीचा प्रश्न लहान नसतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. सात-बाऱ्यावर वारसाची नोंद करायची झाली की आजोबांचे पूर्ण नाव काय, चुलत आजोबा निपुत्रिक वारले की त्यांना मुलगी होती, दोन 'बाबू'पैकी कोणता बाबू, असे प्रश्न उभे राहतात, आणि एका नावाच्या घोटाळ्यावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आपल्या घरात श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीनच नावे घेतात. घराची तोंडी आठवण साधारण तेवढीच असते. त्यापलीकडचे नाव हवे असेल तर कागद पाहिजे, नाहीतर कोणीतरी आठवण सांभाळण्याचाच धंदा करणारा पाहिजे. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी येतात, ते कुळाची नावे म्हणून दाखवतात. नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत कुणाचा पणजोबा कोणत्या साली आला हे लिहिलेले सापडते. राजघराण्यांना भाट होते. साधुसंतांच्या बाबतीत मात्र हे काम भक्तांनी केले. भक्त नाव जपतो, पण साल जपण्याची त्याला फारशी गरज वाटत नाही.

आता परंपरा काय सांगते ते पाहू. वामनभट शाळिग्राम आणि त्यांची पत्नी पार्वतीबाई हे मूळचे बिदरकडचे जोडपे. ते मोरगावास येऊन राहिले, मयूरेश्वराच्या कृपेने त्यांना मुलगा झाला, म्हणून त्याचे नाव मोरया ठेवले. मुलाला मोरगावच्या गणपतीचा ध्यास लागला. नयनभारती गोसावी हे त्याचे गुरू. थेऊर येथे त्याने अनुष्ठान केले. पुढे तो पवनेच्या काठी चिंचवडला राहू लागला, पण वारी मोरगावची चालूच होती. वय झाले, वारी होईना, तेव्हा देवाने दृष्टांत दिला, आणि कऱ्हेत स्नान करताना, अर्घ्य देताना, हाताला एक तांदळा लागला. तोच चिंचवडच्या वाड्यातला मंगलमूर्ती. शेवटी मोरया गोसाव्यांनी पवनेच्या काठी संजीवन समाधी घेतली. तिथी मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १४८३, म्हणजे इ. स. १५६१. जन्म मात्र इ. स. १३७५ चा सांगतात.

वजाबाकी करा. एकशे शहाऐंशी वर्षे.

श्रद्धेने ऐकणाऱ्याला यात काही अडचण नाही, योगी पुरुष दीर्घायुषी असतात. त्याच्याशी वाद घालण्याकरिता मी आलेलो नाही. परंतु वंशावळीचा हिशेब एका माणसाच्या आयुष्यावर थांबत नाही. त्या माणसाला मुलगा असतो, मुलाला मुलगा असतो, आणि प्रत्येकाचे जगणे कोणत्यातरी सनदेत, शिलालेखात, परक्या प्रवाशाच्या वहीत कुठेतरी अडकलेले असते. एका टोकाला दिलेली ढील दुसऱ्या टोकाला ताण देते.

वंश असा : मोरया गोसावी, त्यांचे पुत्र चिंतामणी, त्यांचे पुत्र नारायण, मग दुसरे चिंतामणी, मग धरणीधर, मग दुसरे नारायण, आणि शेवटी दुसरे धरणीधर. सात पुरुष. हे सातवे इ. स. १८१० मध्ये निपुत्रिक वारले आणि थेट वंश संपला.

या यादीत एक गोष्ट चटकन लक्षात येते. नावे फिरून येतात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल आहे, आणि ती चांगली चाल आहे, पण वंशावळ लिहिणाऱ्याला तिच्यासारखा दुसरा शत्रू नाही. कागदात नुसते 'चिंतामण गोसावी' असे आले तर ते कोणते? आजोबा की नातू? भक्तांच्या आठवणीत दोन चिंतामणी एक होतात, त्यांचे चमत्कार एकाच्या खात्यावर जमा होतात, आणि त्या एकाचे आयुष्य आपोआप लांबते. भोसल्यांच्या घरात शिवाजी, संभाजी, शाहू ही नावे कशी फिरली आहेत ते आठवा. फलटणच्या निंबाळकरांच्या वंशात मुधोजी नावाचे पुरुष मोजताना बोटे थांबतात.

आणि हे आपलेच दुखणे आहे असे नाही. स्कॉटलंड म्हणून इंग्लंडच्या उत्तरेस देश आहे. तेथे मध्ययुगात मोठमोठ्या सरदार घराण्यांतले धाकटे मुलगे धर्मपीठावर बसत. सेंट अँड्र्यूज हे तेथले सर्वांत मानाचे पीठ. त्या पीठावर १२७१ पासून १३२८ पर्यंत लागोपाठ तीन बिशप झाले, आणि तिघांचेही नाव विल्यम : विल्यम विशर्ट, विल्यम फ्रेझर, विल्यम लँबर्टन. त्या काळच्या कागदांत पुष्कळदा पूर्ण नाव नसते, पहिले अक्षर आणि पीठाचे नाव, एवढेच. तारीख नसलेला कागद मिळाला तर हा कोणता विल्यम हे ठरवायला पंडितांना साक्षीदारांची नावे एकेक करून तपासावी लागतात. पहिल्या विल्यमचा नातलग रॉबर्ट विशर्ट हा ग्लासगोचा बिशप, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्ययुद्धातला मोठा पुरुष. पण तो विल्यमचा पुतण्या की चुलतभाऊ, याचा निकाल तिकडेही सरळ लागत नाही. तेथे आणखी एक अडचण. बिशपाने लग्न करायचे नाही, तेव्हा त्याचा वंश खाली जात नाही. तो शोधायचा तर वर जायचे आणि आडवे जायचे : बाप कोण, भाऊ कोण, आईचे माहेर कोणते. जेम्स केनेडी नावाचा पंधराव्या शतकातला बिशप, त्याची आई तिसऱ्या रॉबर्ट राजाची मुलगी मेरी, म्हणून त्याचा आजा राजा. हे कळले की त्याच्या हाती एवढी सत्ता का आली याचा उलगडा होतो. गॅव्हिन डग्लस हा डंकेल्डचा बिशप आणि कवी, त्याने व्हर्जिलचे महाकाव्य आपल्या बोलीत आणले, तोही अँगसच्या पाचव्या अर्लचा तिसरा मुलगा. थोरल्याला जहागीर आणि धाकट्याला धर्मपीठ, असा तो हिशेब.

आपल्याकडे याच्या उलट झाले. तिकडे सरदाराचा मुलगा धर्मपुरुष झाला. इकडे भिक्षुकाचा मुलगा धर्मपुरुष झाला आणि मग त्याचे वंशज इनामदार झाले. केंब्रिजच्या विद्यापीठाने १९८९ मध्ये लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाचा या देव घराण्यावरील ग्रंथ छापला, त्यातला मुख्य विषयच हा आहे की एक वंश आणि महाराष्ट्रातली राज्यसत्ता यांचे नाते कसे जुळत गेले. आडनावावरूनही ते दिसते. वामनभट 'शाळिग्राम'. मुलगा 'गोसावी', ही पदवी, आडनाव नव्हे. नातवापासून 'देव'. तीन पिढ्यांत तीन नावे. नाव पाहून घराणे ओळखू म्हणणाऱ्याने येथे हात टेकावेत. पूर्वजांचा शोध वर नेताना वामनभटापाशी वाट संपते ती याचमुळे : गोसावी आणि देव यांचे कागद असू शकतात, कारण त्यांना जमिनी मिळाल्या, बिदरकडून आलेल्या गरीब भटाला कोणी सनद दिली नाही, म्हणून त्याचा बाप कोण हे लिहिण्याची कुणाला गरज पडली नाही. जमीन आली की पूर्वज येतात. हे जरा कडू आहे, पण खरे आहे.

आता काळाकडे वळू. खुंट्या कोणत्या ठोकता येतात ते आधी पाहू.

पहिली खुंटी चिंचवडच्या समाधिमंदिरावरच आहे. तेथल्या लेखाप्रमाणे बांधकाम शके १५८० मध्ये, विलंबी संवत्सरात, कार्तिकात सुरू झाले आणि पुढच्या विकारी संवत्सरात आषाढात पुरे झाले. इसवी सनात हे १६५८ आणि १६५९. असा लेख खरा आहे की नाही हे आपण येथे बसल्या बसल्या तपासू शकतो. शकात १२ मिळवायचे आणि ६० नी भागायचे. बाकी उरेल त्या क्रमांकाचे संवत्सर. १५८० आणि १२ मिळून १५९२, साठ सव्वीसे १५६०, बाकी ३२. प्रभवापासून मोजत गेलो की बत्तिसावे संवत्सर विलंबी, आणि तेहेतिसावे विकारी. हिशेब चोख बसतो. शक आणि संवत्सर यांचा मेळ बसणे ही जुन्या लेखाची पहिली परीक्षा, आणि हा लेख त्यात उतरतो. तरुण मंडळींनी ही रीत पाठ करून ठेवावी. पंचांगाची पाने उलटत बसावे लागत नाही.

आता हे मंदिर कोणी बांधले? पुत्र चिंतामणी यांनी, असे परंपरा सांगते. वडिलांची समाधी १५६१ ची आणि मुलाने तिच्यावर मंदिर बांधायला घेतले १६५८ मध्ये. मधली वर्षे ९७. म्हणजे वडील समाधिस्थ झाले त्या वर्षी मूल पाळण्यात होते असे धरले तरी मंदिराच्या पायाभरणीला ते शंभरीला टेकलेले होते.

दुसरी खुंटी तुकाराम महाराजांची. चिंतामणी आणि तुकोबा यांची भेट झाली, ही कथा वारकऱ्यांतही आहे आणि गाणपत्यांतही आहे. महीपतीनेही चिंचवडच्या देवाची आणि तुकोबांची कथा सांगितली आहे. 'देव' हे नाव तुकोबांनीच दिले, असेही घराण्याची परंपरा म्हणते. तुकोबांचा जन्म १६०८ चा धरतात आणि प्रयाण शके १५७१, म्हणजे १६५० चे. त्यांची कीर्ती देहूबाहेर पसरली ती १६३० च्या मोठ्या दुष्काळानंतर. तेव्हा ही भेट घडली असेल तर १६३० ते १६५० या वीस वर्षांत घडली, आणि त्या वेळी चिंतामणी हे लोकांनी ज्यांना देव म्हणावे अशा योग्यतेचे प्रौढ पुरुष होते. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. दोन वेगवेगळ्या संप्रदायांनी आपापल्या पुरुषांची गाठ एकाच काळात घालून दिली आहे, एवढेच वंशावळीला पुरते.

तिसरी खुंटी पहिल्या नारायण महाराजांची. औरंगजेब बादशहाने त्यांची परीक्षा पाहण्यासाठी मांसाचे ताट पाठवले, त्याची फुले झाली, आणि बादशहाने आठ गावे कायमची दिली, अशी कथा पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात नोंदली आहे. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. म्हणजे नारायण महाराज त्याच्या आधी गादीवर होते.

चौथी खुंटी परक्यांनी ठोकलेली आहे. एडवर्ड मूर नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८०० साली चिंचवडला गेला. त्याने देवांची हकीकत लिहिली ती कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १८०१ मध्ये छापून आली. त्याला तेथे सांगण्यात आले की मूळ पुरुषाला गणपतीचा दृष्टांत झाला तो इ. स. १६४० च्या सुमारास, आणि आपला अंश सात पिढ्यांपर्यंत तुझ्या वंशात राहील असे देवाने वचन दिले. पुढे १८०९ मध्ये मराया ग्रॅहम या इंग्रज बाई तेथे गेल्या, त्यांना गादीवर एक लहान मुलगा दिसला. बाईंची लेखणी जरा उपहासाची आहे. परक्या माणसाला आपला देव दिसत नाही, मूल तेवढे दिसते. पण वंशावळीच्या कामाला ते मूलच हवे होते.

या चौथ्या खुंटीत एक गोष्ट फार मोलाची आहे आणि तिच्याकडे लक्ष गेलेले मला तरी फारसे आढळले नाही. वंश सात पिढ्यांनी संपला. मग 'सात पिढ्यांचे वचन' ही कथा वंश संपल्यावर रचली असेल, असे कोणीही विचारवंत म्हणेल. मीही म्हटले असते. पण वंश संपला १८१० मध्ये, आणि ती कथा छापलेली आहे १८०१ मध्ये. म्हणजे कथा शेवटाच्या आधीची आहे. तिचे पुढे काय करायचे ते श्रद्धावंताने श्रद्धेने आणि शंकेखोराने शंकेने ठरवावे. मात्र 'मागाहून रचली' एवढे म्हणता येणार नाही.

आता हिशेब मांडू. १८०९ मधला मुलगा साधारण १७९७ च्या आसपास जन्मला असे धरू. दोन-चार वर्षे इकडे-तिकडे. तो सातवा. मोरया गोसावी पहिले. मध्ये सहा अंतरे. मोरयांचा जन्म १३७५ चा असेल तर ४२२ वर्षांत सहा पिढ्या, म्हणजे दर पिढीला ७० वर्षे. म्हणजे या घराण्यात प्रत्येक पुरुषाला, एकामागून एक सहा वेळा, सरासरी सत्तराव्या वर्षी मुलगा झाला पाहिजे. एखाद्याला होईल. सहांना नाही. आपल्याकडे ग्रंथांतून त्यांना कोणी चौदाव्या शतकात घालतो, तो या गुणाकाराकडे पाहात नाही.

दुसऱ्या टोकाला काही परदेशी अभ्यासक त्यांचा काळ १६१० ते १६५९ असा देतात. मंदिर पुरे झाल्याचे वर्ष ते मृत्यूचे वर्ष, अशी बहुधा त्यांची समजूत असावी. पण मोरया जर १६१० मध्ये जन्मले तर त्यांचा मुलगा तुकोबांच्या हयातीत फार तर पंधरा-वीस वर्षांचा. त्याला तुकोबांनी 'देव' म्हणावे, हे जुळत नाही. शिवाय वडील हयात असताना त्यांच्या समाधीचे मंदिर मुलाने बांधायला घ्यायचे, हेही चमत्कारिक.

तर मग खरे काय? मी माझा तर्क सांगतो. तो तर्क आहे, पुरावा नव्हे. पटला तर घ्यावा.

परंपरेतली तिथी मी खोटी मानत नाही. समाधीची तिथी दर वर्षी उत्सवाने जपली जाते, ती चुकत नाही. चुकते ते साल. जुन्या काळी माणसे वर्ष सांगत ती पुष्कळदा संवत्सराच्या नावाने. 'दुर्मती साली गेले', 'खर साली दुष्काळ पडला', असे. शके १४८३ चे संवत्सर काढा : १४८३ आणि १२, १४९५, साठाने भागून बाकी ५५, पंचावन्नावे संवत्सर दुर्मती. आता संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे. तेच दुर्मती साठ वर्षांनी परत येते, शके १५४३ मध्ये, म्हणजे इ. स. १६२१ मध्ये. मागाहून वंशावळ लिहिणाऱ्या कोणा भक्ताजवळ तिथी आणि संवत्सर एवढेच आले असेल, आणि त्याने शक मांडताना एक चक्र मागचे धरले असेल. महापुरुष जितका जुना तितका थोर, अशी आपली समजूत असल्यामुळे ही चूक नेहमी मागच्या बाजूलाच होते, पुढच्या बाजूला होत नाही.

१६२१ घेऊन पाहा. सगळ्या खुंट्यांना दोरी लागते. वडील १६२१ मध्ये समाधिस्थ झाले. मुलगा चिंतामणी तेव्हा समजा पंधरा-वीस वर्षांचा. १६४० च्या सुमारास चाळिशीच्या आतबाहेरचा, तुकोबांच्या बरोबरीचा. १६५८ मध्ये पन्नाशी ओलांडलेला, हाती थोडे द्रव्य आणि मान्यता आलेला, वडिलांच्या समाधीवर मंदिर बांधणारा. त्यांचे पुत्र नारायण औरंगजेबाच्या काळात गादीवर. मूरला सांगितलेले १६४० हे वर्ष मग मूळ पुरुषाचे राहात नाही. ते पहिल्या 'देवा'चे, चिंतामणींचे होते. बाप आणि मुलगा एक झाले, एवढाच घोटाळा. चिंतामणींपासून १७९७ च्या बालकापर्यंत पाच अंतरांना सुमारे १९० वर्षे लागतात, दर पिढीला ३८. हे थोडे सैल आहे, पण उशिरा मुलगे झालेल्या घराण्यात असे असते. तोच हिशेब एक पिढी वर नेला तर मोरया गोसाव्यांचा जन्म १५६० च्या आसपास येतो. म्हणजे परंपरा ज्या सुमारास त्यांची समाधी सांगते, त्या सुमारास त्यांचा जन्म.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. हुमायून बादशहाशीही मोरया गोसाव्यांचा संबंध सांगणारी कथा आहे. हुमायून १५५६ मध्ये वारला. तीच परंपरा त्यांना शहाजीराजांशी आणि शिवाजी महाराजांशीही जोडते. शहाजीराजे १५९४ ते १६६४, शिवाजी महाराज १६३० ते १६८०. हुमायूनपासून शिवाजी महाराजांपर्यंत सर्वांना एकाच पुरुषाला भेटवायचे तर १८६ वर्षांचे आयुष्य लागणारच! माझ्या मते या कथा एकाच पुरुषाच्या नाहीत. आजा, बाप आणि नातू यांच्या भेटी एका नावाखाली आल्या आहेत. आणि हुमायूनची कथा दक्षिणेतल्या गरीब गोसाव्याला दिल्लीच्या तख्ताची साक्ष मिळावी म्हणून आली आहे. तिच्यावर साल टांगू नये.

हा तर्क पक्का करणारा किंवा मोडून काढणारा कागद कसा असेल, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर नुसते बोलणे होईल. निजामशाही किंवा आदिलशाही अमलातली एखादी सनद वा तिची नक्कल असेल, तिच्यावर साल असेल ते सुहूर सनात, अरबी शब्दांनी लिहिलेले. 'समान खमसैन अलफ' असे लिहिलेले असेल तर समान म्हणजे आठ, खमसैन म्हणजे पन्नास, अलफ म्हणजे हजार, मिळून १०५८. त्यात ५९९ मिळवले की १६५७. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवायचे. मग नाव पाहायचे. ब्राह्मणाच्या कागदात पुष्कळदा नावापुढे बापाचे नाव येते, इतरांच्या कागदात 'बिन' किंवा 'वलद' लावून. १६०० नंतरच्या कागदात मोरया गोसावी हयात म्हणून, स्वतः हजर म्हणून आले, तर १५६१ उठले. उलट १५६१ नंतर थोड्याच वर्षांत चिंतामण गोसावी वारस म्हणून आले, तर माझा तर्क उठला, आणि मी तो आनंदाने सोडीन.

असले कागद कोठे असतात? पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत, त्यांत देवस्थानांचे रुमाल आहेत. इंग्रजांनी १८५२ चा अकरावा कायदा करून इनाम कमिशन बसवले, तेव्हा पुष्कळ इनामदारांना आपला हक्क आणि आपला वंश सिद्ध करावा लागला. आज ज्या वंशावळी 'फार जुन्या' म्हणून दाखवतात, त्यांतल्या पुष्कळशा या कमिशनापुढे मांडण्याकरिता लिहिलेल्या आहेत. इनाम टिकायचे असेल तर वंश अखंड दिसला पाहिजे, ही गरज होती. म्हणून अशा वंशावळीत गाळलेले धाकटे भाऊ, लपवलेली दत्तके आणि सरळ केलेल्या वाकड्या फांद्या असतात. ती वाचताना ती कोणासाठी लिहिली हे आधी विचारावे. चिंचवडला हा प्रश्न फार आधी उभा राहिला. १८१० मध्ये दुसरे धरणीधर गेले, वचन संपले, पण देवस्थान होते, इनाम गावे होती, अन्नछत्र होते, मोरगावची वारी होती. गॅझेटियर सांगते की पुजाऱ्यांनी सखारी नावाच्या दूरच्या नातलगाला गादीवर बसवले, उत्पन्न टिकावे म्हणून. याच गॅझेटियरात ती दुसरी कथाही आहे : दुसऱ्या नारायण महाराजांनी कुतूहलाने समाधी उघडून पाहिली, आत मोरया गोसावी ध्यानस्थ बसलेले होते, त्यांचा भंग झाला आणि त्यांनी शाप दिला की तुझ्या मुलाबरोबर देवपण संपेल. सात पिढ्यांचे वचन १८०१ मध्ये छापलेले सापडते. शापाची कथा इतकी जुनी मला सापडलेली नाही. वचनाने वंश संपणार होताच, मग शापाची गरज का पडली? मला वाटते, कोणालातरी ठपका द्यावासा वाटला. वंश संपला की घरचे लोक नेहमी ठपका शोधतात.

बारामतीकरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. चिंचवडचे कागद अनेकांनी पाहिले. मोरगावच्या बाजूने शोध कमी झाला. वामनभट बिदरकडून आले आणि मोरगावात राहिले हे खरे असेल, तर त्या काळी मोरगावात आणि कऱ्हेच्या काठच्या गावांत वृत्ती कोणाची होती, जोशी-कुलकर्णी कोण होते, नव्या ब्राह्मणाला बिऱ्हाडाला जागा कोणी दिली, याचा माग तुमच्या या गावांतल्या वतनाच्या कागदांतून निघेल, चिंचवडच्या कागदांतून निघणार नाही. मोरोपंतांच्या बाबतीत आपल्याला असे झगडावे लागले नाही. ते पन्हाळ्याहून बारामतीला आले, बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहिले, १७९४ मध्ये येथेच वारले. त्यांचे सगळे पराडकर घराणे कागदावर आहे, आणि पांगारकरांनी त्यांचे चरित्र वेळेवर लिहिले. मोरया गोसाव्यांचा काळ दीड-दोनशे वर्षे अलीकडे-पलीकडे होतो, याचे कारण ते कुणाच्या पदरी नव्हते. कऱ्हेच्या काठच्या एखाद्या वाड्यात, माळ्यावर, कापडात बांधलेला मोडी कागदांचा गठ्ठा असेल, आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना तो खाली निघेल, तर तो बंबात घालण्यापूर्वी त्यातला एखादा कागद उजेडात धरून सुरुवातीच्या ओळीतला सन तेवढा वाचून घ्यावा. वाचता आला नाही तर मोडी जाणणाऱ्याकडे पाठवावा. 'अलफ' हा शब्द सापडला की कागद १५९९ च्या पुढचा हे कळेल, आणि त्यात मोरगावचे नाव असेल तर मला त्याची नक्कल पाहायला फार आवडेल.